‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’ : शत्रूला नाव देणारा खेळ

नॉटी डॉग या संस्थेचा ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’ हा खेळ जून 2020 मध्ये प्लेस्टेशनवर आला आणि 3 एप्रिल 2025 पासून तो संगणकावरही मिळू लागला. यंदाच्या उन्हाळ्यात भुसावळच्या घरी भाच्याच्या संगणकावर मी तो पूर्ण केला. खेळाला 150 जीबी जागा लागते. दिवसा पारा 45 अंशांकडे सरकला की संगणकही तापतो, म्हणून आम्ही रात्रीची जेवणे आटोपल्यावरच खेळायला बसत असू. कथेतील काही गोष्टी पुढे उघड केल्या आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

या खेळाचे सर्वांत मोठे यश त्याच्या शत्रूंमध्ये आहे. शत्रू खरा वाटण्यासाठी त्याचा नेम अचूक असावा किंवा तो चार गोळ्या खाऊनही उभा राहावा, असे अनेकजण मानतात. मला ते पटत नाही. लहानपणी रावेर तालुक्यात मामांच्या केळीच्या बागेत रात्री रानडुकरांसाठी राखण चालत असे, तेव्हा या बांधावरचा माणूस त्या बांधावरच्या माणसाला नावाने हाक मारी आणि उलट हाक आली नाही की दोघे-तिघे बॅटऱ्या घेऊन त्या दिशेने निघत. अमेरिकेतील सिएटल शहराच्या उंच गवतातून खेळाची नायिका एली सरपटत जात असताना मला नेमके तेच आठवले. इथल्या पहारेकऱ्यांना नावे आहेत, ते एकमेकांशी किरकोळ बोलत असतात आणि सोबत्याचे प्रेत दिसताच त्याच्या नावाने ओरडतात. सेराफाइट पंथाची माणसे तर शिट्ट्यांवर बोलतात. कोणती शिट्टी धोक्याची आणि कोणती सारे ठीक असल्याची, हे खेळणाऱ्याला कानानेच शिकावे लागते. पहाऱ्यावरची कुत्री वासाचा माग काढतात, त्यामुळे एकाच जागी दबून राहणे महागात पडते. त्या कुत्र्यांनाही नावे आहेत आणि कुत्रा मेला की त्याचा सांभाळ करणारा माणूस कळवळतो. पहिल्यांदा असा आवाज ऐकला तेव्हा माझा भाचा खेळ थांबवून काही वेळ गप्प बसला होता.

मात्र इथेच माझी मुख्य तक्रारही आहे. शत्रूला माणूसपण दिल्यावर त्याला मारायचे की नाही, हे खेळणाऱ्याच्या हाती असायला हवे. बऱ्याच ठिकाणी वळसा घालून निसटता येते आणि तेच या खेळाचे उत्तम क्षण आहेत. पण कथेतील काही नेमक्या प्रसंगी बटन दाबून क्रूरपणा केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. निर्णय लेखकाने घ्यायचा आणि अपराधाची भावना मात्र खेळणाऱ्याने बाळगायची, हे मला अन्यायाचे वाटले.

काठिण्याच्या बाबतीत भाच्याचे आणि माझे रोज वाद झाले. ‘मावशी, सोपे करून खेळलीस तर तो खेळ पुरा झाला असे म्हणता येणार नाही,’ असे त्याचे म्हणणे होते. ऑगस्ट 2020 मध्ये आलेल्या ‘ग्राउंडेड’ या सर्वांत कठीण पातळीवर कान देऊन शत्रूचा ठाव घेण्याची सोय बंद होते आणि पडद्यावरच्या खुणाही जातात. त्याला तीच पातळी खरी वाटते. मला या खेळाची दुसरी व्यवस्था अधिक शहाणपणाची वाटते. इथे काठिण्य पाच भागांत वेगवेगळे ठरवता येते : खेळणाऱ्याला होणारी इजा, शत्रूंचा आक्रमकपणा, सोबत्यांची मदत, लपण्यातील अडचण आणि सापडणारे साहित्य. माझे बोट बटनावर उशिरा पोहोचते, पण मला विचार करायला लावणारा पहारा हवा असतो. म्हणून मी इजा कमी ठेवली आणि लपणे व साहित्य हे भाग कठीण ठेवले. याशिवाय कमी दिसणाऱ्या व कमी ऐकू येणाऱ्या खेळाडूंसाठी 60 हून अधिक सोयी आहेत. संवाद इंग्रजीत आहेत, पण संवादपट्टीवर बोलणाऱ्याचे नाव आणि आवाजाची दिशा दाखवता येते. गोंगाटाच्या प्रसंगी तिचा मलाही फार उपयोग झाला.

एका रात्री आमची आई पाणी प्यायला उठली आणि पडद्याकडे पाहून तिने विचारले, ‘हाई पोर कोनी शे व?’, म्हणजे ही पोर कोणाची गं? खानदेशात अनोळखी मुलीबद्दल पहिला प्रश्न हाच असतो आणि या खेळात तो फार खोलवर लागू पडतो. एली आणि ॲबी या दोघीही नायिका वडिलांसाठी किंवा वडिलांच्या जागी असलेल्या माणसासाठी सूड घ्यायला निघतात. 1986 च्या ‘मेट्रॉइड’ या व्हिडिओ गेममध्ये चिलखतातील योद्धा स्त्री आहे हे शेवटीच, तेही खेळ लवकर संपवणाऱ्याला, बक्षीस म्हणून कळत असे. त्या मानाने आपण फार पुढे आलो आहोत. तरीही स्त्रीच्या हाती शस्त्र द्यायला अजून बापाचाच मृत्यू लागावा, याची मला खंत वाटते.

ॲबीच्या पिळदार दंडांवरून बराच गदारोळ झाला आणि तिला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना जिवे मारण्याच्या धमक्याही आल्या. खेळ मात्र तिच्या देहाचे कारण स्पष्ट दाखवतो : ती राहते त्या स्टेडियमच्या छावणीत व्यायामशाळा आहे आणि पोटभर अन्नही आहे. तो देह खेळण्याच्या पद्धतीतही उतरला आहे. एलीजवळ कायमचा चाकू आहे आणि ती चपळाईवर भागवते, तर ॲबी ठोशांवर विसंबते. तिला उंचीची भीती वाटते, हा तपशील मला तिच्या बळाइतकाच आवडला.

हिंसा अतिशय तपशीलवार असल्याने हा खेळ केवळ प्रौढांनी घ्यावा. प्रथमच खेळणाऱ्याने इजेचा भाग सोपा ठेवावा, लपण्याचा भाग मध्यमाखाली आणू नये आणि वाट मिळेल तिथे कुत्र्यांना वळसा घालून जावे.