20000 एमएएचचा हवेचा पंप म्हणून काय विकतात ते बघा

गाडी घेऊन फिरणाऱ्या, तंबू टाकून राहणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय. सुट्ट्या जवळ आल्या की मोबाईलवर चार्जिंगच्या हवेच्या पंपाच्या जाहिरातींचा नुसता मारा सुरू होतो आणि अशाच एका जाहिरातीत माझे 1,899 रुपये गेलेत.

जाहिरातीत काय होतं तर 20000 एमएएच (चार्ज साठवायची क्षमता) बॅटरी, 150 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), कारचे टायर, हवेची गादी, सायकल, फुटबॉल सगळं एकाच पंपात, 5,999 खोडून 1,899 आणि खाली ऑफर संपत चालल्याचं उलटं घड्याळ, जे पान परत उघडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पैसे डिलिव्हरीच्या वेळी द्यायचे होते त्यामुळे घरचे पण म्हणाले घे, पण कुरियरवाला पैसे हातात पडल्याशिवाय बॉक्स फोडू देत नाही, मग त्याचा उपयोग काय.

भंडारदऱ्याला निघालो, निघताना घरीच टायर भरले, स्क्रीनवर 33 पीएसआय आलं आणि पंप आपोआप बंद झाला. कसारा घाट चढून घोटीला पेट्रोल पंपावर चेक केलं तर चारही टायरमध्ये 25-26! तेही टायर तापलेले असताना, म्हणजे थंड असताना त्याहून कमीच असणार. राग मला पैशांचा नाही, याचा आहे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, तापतो आणि उन्हाळ्यात हायवेवर फुटू शकतो, गाडीत मुलं होती माझी. खोटा आकडा दाखवणारा गेज (दाबमापक) विकणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ आहे.

रात्री गादी भरायला घेतली तर पंप हाताला चटका बसेल इतका तापला आणि बंद पडला, गादी अर्धीपण फुगली नव्हती. हे मात्र चांगल्या पंपाचंही होणारच, कारण टायरचे छोटे पंप दाब भरपूर देतात पण हवा मिनिटाला साधारण 10-20 लिटरच, आणि डबल गादीत तीन-चारशे लिटर सहज जाते. गादीचे पंप वेगळे येतात, ते मिनिटाला दोनशे-तीनशे लिटर हवा फेकतात पण दाब एक पीएसआयच्याही आत, त्याने टायर भरत नाही. सगळ्याला एकच पंप म्हणणारा विक्रेता इथेच खोटं बोलत असतो.

घरी आल्यावर ओळखीच्या मोबाईल रिपेअरवाल्याकडून उघडून घेतला. आत 18650 चे (बोटाएवढे गोल लिथियम) दोनच सेल, सिरीजमध्ये म्हणजे एकामागे एक जोडलेले, प्रत्येकावर 2000 एमएएच लिहिलेलं, आणि असं जोडलं की एमएएच वाढत नाही, म्हणजे एकूण 2000च. चांगला 18650 सेल पण 3500 च्या आसपास असतो आणि वजन 45-50 ग्रॅम, मग 20000 साठी सहा सेल लागतील, म्हणजे पावणेतीनशे ग्रॅम नुसते सेलच. हा अख्खा पंप मोटर-पाइपसकट किचनच्या काट्यावर 310 ग्रॅम भरला. बॉक्सवर वॉट-अवर (बॅटरीतली एकूण ऊर्जा) लिहिलेलं नाही, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, सेलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) आर ने सुरू होणारा नोंदणी नंबर नाही. असा नंबर असेल तर बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो, घ्यायच्या आधी विक्रेत्याकडे फोटो मागा, खरा असेल तर पाठवेल.

परत करायला फोन केला तर नंबर बंद. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर एकजण "सर रिफंड मंजूर झालाय, क्यूआर स्कॅन करून यूपीआय पिन टाका" म्हणून मागे लागला. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की खात्यातून जातात! मी तिथेच ब्लॉक केला. कोणी पिन टाकला असेल तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला 1930 वर फोन लावा. मालाबद्दलची तक्रार ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर करता येते, मी केलीये, कुरियरच्या लेबलचा, बॉक्सचा, पंप उघडल्याचा फोटो सगळं जोडलंय, त्यामुळे लेबल फाडून फेकू नका.

ज्यांच्याकडे असा पंप आलाय त्यांनी साधा हातातला गेज घेऊन टायर तपासल्याशिवाय गाडी हायवेला काढू नका, आणि तो पंप रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.