40 तासांचं मध्यस्थी प्रशिक्षण: आठ महिन्यांनंतर

मी निवृत्त शिक्षिका. गावातली भांडणं माझ्याकडे आधीही यायची. दोघांचं ऐकायचं, कोण चुकलं ते सांगायचं, विषय संपला. सामुदायिक मध्यस्थी म्हणजे निकाल न देता, गावातल्या वादात दोन्ही बाजूंना स्वतःच तोडगा काढायला मदत करणं. तिच्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणाने नेमकी हीच सवय मोडायला घेतली. ती अजून पुरती मोडलेली नाही.

दुसऱ्या दिवशीच्या रोल-प्लेमध्ये मी मध्यस्थ होते. थोड्याच वेळात तोंडून गेलं, "मग तुम्ही असं करा ना." प्रशिक्षकांनी थांबवून विचारलं, "बाई, हा तोडगा कुणाचा?" तो प्रश्न मी आजही प्रत्येक बैठकीआधी वहीत वर लिहून ठेवते.

त्याचा खरा उपयोग विहिरीच्या एका वादात झाला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) सामाईक विहीर, दोन भाऊ, पाण्याच्या पाळ्यांवरून तीन वर्षं अबोला. थोरल्याची मागणी एकच, पाळीचे दिवस वाढवा. पूर्वीची मी असते तर दिवस मोजून वाटून दिले असते. या वेळी दोघांशी वेगवेगळं बसले आणि गप्प राहिले. बऱ्याच वेळाने थोरले म्हणाले, "रात्रीची लाईट असली की दारं धरायला जमत नाही आता. दिसत नाही." म्हणजे पंपाची वीज रात्री आली की अंधारात पिकाला पाणी द्यायला. दिवस कमी पडतात हे दुखणंच नव्हतं. एकत्र बसल्यावर हे त्यांनीच भावाला सांगितलं, आणि रात्रीच्या पाळ्या धाकट्याने आपणहून घेतल्या. मी फक्त लिहून घेतलं.

2023 च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीसाठी तीन मध्यस्थांच्या पॅनलची तरतूद आहे. पण अशा समझोत्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ नाही, म्हणजे कोर्टाच्या निकालासारखी त्याची सक्तीने अंमलबजावणी होत नाही. वर्गात मला ही उणीव वाटली होती. आता वाटतं, तोडगा त्यांचा स्वतःचा असेल तरच टिकतो, हे या कलमामुळे विसरता येत नाही. 2007 साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेत आमच्याकडेही बरेच वाद मिटले, पण तिथे गावाचं वजन कामी यायचं. इथे वजन बाजूला ठेवून बसायचं असतं, आणि माझ्यासारखीला तेच जड जातं.

तक्रारी आहेत. उदाहरणं बहुतेक कोर्टातल्या नवरा-बायकोच्या दाव्यांची होती. बांध, वहिवाट, सांडपाणी यांवर जेमतेम अर्धा तास. जात आणि भावकी खोलीत येऊन बसतात तेव्हा काय करायचं, यावर जवळजवळ काहीच नाही. प्रमाणपत्र दिल्यावर आयोजकांनी एकदाही फोन केला नाही. पहिल्या बैठकीला माझ्याबरोबर कुणी अनुभवी हवं होतं, फार हवं होतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी पक्की शिकवली. मारहाण असेल तिथे समेटाला बसायचं नाही. अशा दोन बायकांना मी थेट तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे घेऊन गेले. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे दोघींनाही माहीत नव्हतं.

आमच्या तुकडीतल्या चौघी आता महिन्यातून एका रविवारी जमतो, नावं न घेता अडलेलं बोलतो. पुढच्या वेळी विषय भावकीचा आहे.