जुनं पेट्रोल, बिलावरचा नवा पंप

बरेच दिवस उभी राहिलेली गाडी लबाड गॅरेजवाल्याच्या हाती लागली की त्याची चांदी होते. चालती गाडी बंद पडली तर काल काय ठीक होतं आणि आज काय बिनसलं, एवढं तरी मालकाला सांगता येतं. दोन-अडीच वर्षं कव्हराखाली राहिलेल्या गाडीत काय काय गेलं असेल याचा कुणालाच पत्ता नसतो, त्यामुळे समोरचा म्हणेल ते पटतं. आमच्या बाबतीत हेच झालं. ज्या पद्धतीने झालं ती इतकी सोपी आहे की आम्हीच पहिले असू असं वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी माझ्या थोरल्या भावाची. तीन सिलेंडरची छोटी पेट्रोल गाडी. दादा कामासाठी बाहेर गेला तेव्हा टाकी निम्मी भरलेली होती आणि बॅटरीची वायर सोडवून ठेवली होती. तो परत आल्यावर आम्ही बॅटरी चार्ज केली आणि सेल्फ मारला. इंजिन फिरत होतं, पण पकडत नव्हतं. मध्येच धडपडायचं, मग पुन्हा नुसता सेल्फ. सायलेन्सरमधून व्हार्निशसारखा उग्र वास येत होता. ओळखीच्या एकाने एका गॅरेजचं नाव सांगितलं. त्यांनी गाडी टो करून नेली.

तो वास म्हणजे खरं तर सगळं निदान होतं. पेट्रोल हे हलक्या-जड अशा अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण असतं. थंड इंजिन पेटवायचं काम त्यातल्या हलक्या घटकांचं, आणि टाकीतून आधी उडून जातात ते नेमके तेच. जे उरतं त्याचं हळूहळू ऑक्सिडेशन होतं, रंग गडद होत जातो आणि चिकट राळ धरायला लागते. साध्या टाकीतलं पेट्रोल तीन ते सहा महिन्यांत उतरणीला लागतं. त्यात इथेनॉल मिसळलेलं असेल तर आणखी एक भानगड. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पाणी मर्यादेबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा वेगळा थर होऊन तळाशी बसतो. पंप ओढतो तळातूनच. म्हणजे काटा निम्मी टाकी दाखवत असला तरी इंजिनापर्यंत जे पोचतं त्याला पेट्रोल म्हणणंही अवघड असतं.

आता यातली गोम अशी, की खराब पेट्रोलची सगळी लक्षणं महागड्या दुखण्यांच्या लक्षणांशी जुळतात. स्टार्ट न होणं, मिसिंग, पिकअप नसणं, प्लग काळे किंवा ओले होणं. पंप मेला तरी हेच, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बसले तरी हेच, पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्या तरी जवळपास हेच. त्यामुळे टाकीतलं पेट्रोल काढून टाकून नवं भरल्याशिवाय आणि दमदार बॅटरी लावल्याशिवाय बाकी कसल्याच तपासणीला अर्थ नसतो. आमच्या गॅरेजवाल्याला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्याने पेट्रोलला हात न लावता तपासणी केली.

पहिल्यांदा गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. पडदाभर कोड आले आणि ते त्याने दादाला फोनवर फोटो काढून पाठवले. लाल अक्षरांची ती यादी पाहून कोणीही हबकेल. पण बॅटरी मरगळलेली असताना सेल्फ मारला की व्होल्टेज खाली येतं, कंट्रोल युनिटं एकमेकांशी नीट बोलत नाहीत आणि वाट्टेल ते कोड साठतात. असे कोड वहीत टिपून घ्यायचे, चांगली बॅटरी लावून पुसायचे आणि गाडी चालवून पुन्हा बघायचे. जे परत येतात तेच खरे. आम्हाला मात्र त्या यादीवरून सांगण्यात आलं की ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, ‘बहुतेक’ गेलाय.

मग कम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये दाब किती तयार होतो त्याची तपासणी. हा भाग जरा नीट वाचा, कारण सगळी बनवाबनवी इथे आहे. गॅरेजवाल्याने आम्हाला मुद्दाम बोलावलं आणि समोर गेज लावून दाखवलं. प्रत्येक सिलेंडरला ८० ते ९० पीएसआय. ‘साहेब, दीडशेच्या वर पाहिजे. इंजिन बसलंय. उभं राहून रिंगा चिकटल्या.’ काटा आमच्या डोळ्यांसमोर होता, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. पण गेज खोटं नसलं तरी मोजमाप खोटं होतं. कम्प्रेशन घेताना सगळे प्लग काढायचे असतात, पेट्रोल आणि स्पार्क बंद ठेवायचा असतो, थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) पूर्ण उघडा धरायचा असतो, बॅटरी ताकदीची लागते आणि काटा चढायचा थांबेपर्यंत इंजिन फिरवायचं असतं. त्याने ज्या सिलेंडरला गेज लावलं तेवढाच प्लग काढला होता, ॲक्सिलरेटरवर कुणाचाही पाय नव्हता, आणि बॅटरी अशी की सेल्फ रडत होता. शिवाय आदल्या दिवशी त्याच्या पोरांनी इतका सेल्फ मारला होता की न जळलेल्या पेट्रोलने सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन गेलं असणार. कोरड्या भिंती रिंगांना सील धरू देत नाहीत. अशा वेळी प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आणखी एक खूण सांगतो. तिन्ही आकडे कमी आहेत पण एकसारखे कमी आहेत, अशा वेळी आधी मोजणाऱ्यावर शंका घ्यावी. रिंगा इतक्या शिस्तीत, सगळ्या एकदम आणि सारख्याच खराब होत नाहीत.

दादाने इंजिनकामाला नकार दिला. मला वाटतं, गॅरेजवाल्याला हेच हवं होतं. आधी आभाळाएवढा खर्च सांगायचा, मालक दचकला की ‘बरं, मग आधी एवढंच करून बघू’ म्हणून दुसरी यादी पुढे करायची. तीही काही लहान नसते, पण पहिलीच्या शेजारी ठेवली की परवडेल अशी वाटते. आमच्या दुसऱ्या यादीत होतं: टाकी उतरवून साफ करणे, नवा फ्युएल पंप, इंजेक्टर अल्ट्रासॉनिक मशीनवर साफ करणे, नवे प्लग, नवी बॅटरी. दादाने होकार दिला.

काही दिवसांनी गाडी सुरू झाल्याचा फोन आला. खरंच सुरू झाली होती. शेजारच्या रस्त्यावर फेरी मारून दाखवली, बिल झालं, सोबत इंजेक्टर साफ केल्याचा फोटोसकट रिपोर्ट. जुने पार्ट मागितले तर म्हणे, भंगारवाला सकाळीच घेऊन गेला.

गाडी जवळच्या जवळ बरी चालली. पुढे एका चढावर जोर कमी व्हायला लागला, ॲक्सिलरेटर दाबला की उलट मरायची, आणि शेवटी बंद पडली. थोडं थांबलं की सुरू, पुन्हा थोडं अंतर गेलं की तेच. त्या गॅरेजचं उत्तर तयारच होतं: ‘इंजिनकाम करा असं तेव्हाच म्हणालो होतो ना.’

मग गाडी दुसऱ्या एका मिस्त्रींकडे नेली. वयस्कर गृहस्थ, बोलणं कमी. त्यांनी स्कॅनर काढला नाही की गेज काढलं नाही. पहिला प्रश्न, ‘पेट्रोल कधीचं आहे?’ टाकी साफ करून पंप नवा टाकलाय असं सांगितल्यावर त्यांनी मागची सीट उचलायला लावली.

बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली पत्र्याचं एक झाकण असतं आणि त्याखाली टाकीवर पंप बसवलेला असतो. आमच्या गाडीत त्या झाकणावर धुळीचा साबूत थर होता, कडेला उंदराच्या लेंड्या, आणि कुठेही बोटाची खूण नव्हती. स्क्रूच्या खाचांत माती घट्ट बसलेली. मिस्त्रींनी आम्हाला आधी फोटो काढायला सांगितले आणि मग झाकण उघडलं. पंपाची लॉक रिंग गंजलेली होती आणि गंजावर ओरखडासुद्धा नव्हता. पंप बाहेर काढल्यावर त्याच्या प्लास्टिकवर उठवलेलं साल दिसलं, ते गाडी बनल्याचंच साल होतं. पंपाच्या तळाची जाळी तपकिरी राळेने इतकी लिंपलेली होती की बोट लावलं तर चिकटायचं.

मग गाडी सुरू झाली कशी? निम्म्या टाकीवर ताजं पेट्रोल ओतून. जुनं पातळ झालं, हलके घटक परत मिळाले, नव्या प्लगने ठिणगी नीट दिली, नव्या बॅटरीने इंजिन जोरात फिरवलं. एवढ्यावर इंजिन पेटतं आणि फेरीही मारता येते. पण ताज्या पेट्रोलने टाकीच्या तळाची घाण सैल होते, ती जाळीवर जमते आणि मागणी वाढली, म्हणजे चढ आला किंवा वेग घेतला, की पंपाला पुरेसं ओढता येत नाही. थांबलं की थोडी घाण खाली बसते, म्हणून पुन्हा सुरू.

इंजेक्टरचा रिपोर्ट मी त्यांना दाखवला तेव्हा ते पहिल्यांदा हसले. फोटोत काचेच्या चार नळ्यांत चार इंजेक्टर फवारा मारत होते. आमची गाडी तीन सिलेंडरची. चौथा कुठून आला हे त्या मशीनलाच माहीत.

पुढचं काम त्यांनी आमच्यासमोर केलं. पेट्रोल उघड्यावर, आजूबाजूला ठिणगी-सिगारेट काही नसताना काढलं आणि त्यातलं थोडं काचेच्या बरणीत घेऊन ठेवलं. रंग कडक चहासारखा, आणि जरा वेळाने तळाशी वेगळा थर स्पष्ट दिसला. टाकी धुतली. जाळी आणि फिल्टर बदलले, पंप तोच ठेवला, कारण गेज लावल्यावर रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, ३ बारच्या वर दाब स्थिर मिळत होता. इंजेक्टर काढून खरोखर साफ केले, त्यातला एक थेंब थेंब गळत होता. प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडून इंजिन पान्याने हाताने फिरवलं, मग रीतसर कम्प्रेशन घेतलं. १६० ते १७५ पीएसआय. बसलेलं इंजिन ते हेच. ईसीएमला कुणी हातही लावला नाही. कोड पुसले ते परत आलेच नाहीत.

हे सगळं वाचून प्रत्येक महाग काम म्हणजे फसवणूक असं समजू नका. उभ्या गाडीत पंप खरोखर जाम होतो, रबरी नळ्या तडकतात, उंदीर वायरी कुरतडतात, ब्रेक ऑइल ओलावा धरतं, टायमिंग बेल्ट असेल तर तो न चालताही वयाने म्हातारा होतो. मुद्दा क्रमाचा आणि पुराव्याचा आहे. पंप गेला म्हणत असतील तर किल्ली ऑन केल्यावर मागून दोनेक सेकंद घूं असा आवाज येतो का ते स्वतः ऐका, आणि आवाज येत नसेल तर पंपापर्यंत करंट पोचतोय का हे मीटर लावून दाखवायला सांगा. कधीकधी रिले किंवा फ्यूजवरच भागतं. आवाज येत असेल तर दाब किती बार आला ते विचारा. जो आकडा सांगायला टाळाटाळ करतो त्याने मोजलेलाच नसतो.

गाडी सोडायच्या आधी सीटखालच्या त्या झाकणाचा फोटो काढून ठेवा. पंपावर, फिल्टरवर, बॅटरीवर कुठेतरी न दिसेलशी मार्करची खूण करा. जुने पार्ट परत हवेत हे काम सुरू व्हायच्या आधी, मेसेजवर लिहून सांगा. नंतर सांगितलं की भंगारवाला येऊन गेलेलाच असतो. काढलेलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत दाखवायला सांगा. टाकी उतरवली म्हणत असतील तर गाडीखाली वाकून टाकीच्या पट्ट्यांचे बोल्ट बघा, वर्षानुवर्षांचा चिखल तसाच असेल तर तिथे पाना फिरलेला नाही. आणि नेण्याआधी पुन्हा पुन्हा सेल्फ मारू देऊ नका, स्वतःही मारू नका. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायच्या फंदात तर अजिबात पडू नका, ते फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

आम्ही फोटो, चार नळ्यांचा रिपोर्ट आणि मूळ पंप घेऊन पहिल्या गॅरेजमध्ये गेलो. मालकाने आधी आवाज चढवला, मग फोटोंवरच्या तारखा बघितल्या, मग सगळा दोष कामावरच्या मुलावर ढकलला. त्याच्या काउंटरपाशी दुसरं एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्याचा फायदा झाला असावा. पंपाचे आणि इंजेक्टरचे पैसे परत मिळाले. टाकीच्या मजुरीवर अजून घोडं अडलंय. फोन केला की सांगतात, ते काम केलेला मुलगा सुट्टीवर आहे, तो आला की बघू.