ऑटो ब्लोडाउन कंट्रोलर: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यानंतर

इचलकरंजीतलं प्रोसेस हाऊस, ३ टनी स्मोक ट्यूब बॉयलर, बगॅस ब्रिकेटवर, प्रेशर ८ किलो, पाणी बोअरचं, सॉफ्टनरमधून. त्यावर बसवलेल्या टीडीएस कंट्रोलरचा हा अनुभव. ड्रमच्या (बॉयलरच्या) पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, हा मोजतो आणि ते वाढले की व्हॉल्व्ह उघडून थोडं पाणी बाहेर सोडतो; तेच ब्लोडाउन. स्पेसिफिकेशन ब्रोशरमध्ये आहेत, ती इथे उतरवत नाही. ब्रँडही लिहीत नाही, कारण खालच्या निम्म्या तक्रारी या जातीच्या सगळ्याच यंत्रांना लागू पडतात.

लिहायचं निमित्त परवाचं कॅरीओव्हर, म्हणजे वाफेबरोबर बॉयलरचं पाणी जाणं. स्क्रीनवर २,४०० पीपीएम, अगदी स्थिर. तिकडे जिगरमध्ये (कापड रंगवायच्या यंत्रात) थेट वाफ सोडतात तिथे रंगाच्या बाथचा पीएच चढला आणि लॉट डागाळला. हातातल्या मीटरने ड्रमचं पाणी तपासलं तर ५,००० च्या वर. म्हणजे पाणी फेसाळून वाफेबरोबर उडत होतं आणि कंट्रोलर निवांत होता.

तरीही आधी चांगलं लिहितो, कारण ते खरं आहे. रोजची वाफ ४० टन, त्यातलं १६ टन कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) परत, सॉफ्ट पाण्याचा टीडीएस ६०० आणि कंडेन्सेटचा २० धरा. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून सोडियम देतो, टीडीएस कमी करत नाही, हे अजूनही निम्म्या कारखान्यांत पटवून द्यावं लागतं. अटेंडंट अंदाजाने ब्लोडाउन मारतो तेव्हा ड्रमचा टीडीएस सरासरी २,००० च्या आसपास राहतो, आणि त्या हिशोबाने रोज साडेदहा टन उकळतं पाणी गटारात जातं. तोच टीडीएस ३,००० वर धरून ठेवला की ब्लोडाउन ६.१ टनांवर येतं. वाचले ४.४ टन.

या पाण्यातली उष्णता मोजल्याशिवाय ४.४ टन किती हे कळत नाही. बोअरमधून एक टन पाणी १०० मीटर वर खेचायला पंपाची कार्यक्षमता धरून ०.६ युनिट वीज लागते. तेच पाणी १७५ अंशांना ड्रममधून बाहेर पडतं तेव्हा किलोमागे १५० किलोकॅलरी घेऊन जातं. टनामागे दीड लाख, म्हणजे १७४ युनिटांइतकी उष्णता. ब्रिकेट ३,८०० किलोकॅलरीची आणि बॉयलर ७० टक्क्यांचा धरला तर टनामागे ५६ किलो ब्रिकेट. रोजचे ४.४ टन म्हणजे जवळपास २५० किलो. किलोला ६ रुपये धरले तर दीड हजार रुपये रोज. पाण्याचं बिल बघून हे यंत्र घ्यायला गेलात तर कधीच परवडणार नाही, इंधनाचं बिल बघून गेलात तर लगेच.

दुसरी जमेची बाजू मोसमाची. उन्हाळ्यात बोअरचा टीडीएस चढतो, पावसाळ्यात उतरतो. टायमरवाला व्हॉल्व्ह दोन्हीकडे तितकंच पाणी सोडतो, हा नाही. पावसाळ्यात व्हॉल्व्ह उघडण्याचं प्रमाण आपोआप घटलं. तळाचं ब्लोडाउन मात्र बंद करू नका. ते गाळ काढायला असतं. पाळीला एकदा, काही सेकंद, पूर्ण उघडून झटकन बंद. कंट्रोलर ते काम करत नाही, पण ते सांगायला विक्रेता थांबत नाही.

आता सॅम्पल कूलर. यावर जरा जास्त लिहिणार आहे.

कंट्रोलरचं रीडिंग खरं की खोटं हे ठरवायला रोज हाताने नमुना घ्यावा लागतो. ड्रमचं पाणी थेट बाहेर काढलं तर त्यातला काही भाग वाफ होऊन उडतो, उरलेलं घट्ट होतं आणि मीटर जास्त दाखवतो. म्हणून नमुना कूलरच्या कॉइलमधून थंड करून घ्यायचा. आधी थंड पाणी सुरू, मग नमुन्याचा व्हॉल्व्ह, बंद करताना उलटा क्रम. नमुन्यात फिनॉल्फ्थॅलिन टाकून गुलाबी रंग जाईपर्यंत थोडं थोडं ॲसेटिक ॲसिड, मग मीटर. कंडक्टिव्हिटी गुणिले ०.७ म्हणजे टीडीएस. ३,००० साठी साधारण ४,३०० मायक्रोसिमेन्स. हे उदासीन केलेल्या, २५ अंशांच्या पाण्यासाठी. ॲसिड न टाकता मोजलं तर रीडिंग फुगतं.

या कूलरचं थंड पाणी जातं कुठे? बसवणाऱ्याने काढलं ते थेट गटारात. त्याला साधी तोटी. पाळी बदलताना ती उघडी राहते, कारण ‘परत नमुना घ्यायचाच आहे’. मिनिटाला ५ लिटर म्हणजे १६ तासांत ४,८०० लिटर. वर वाचवलेले ४.४ टन परत बघा. पाणी वाचवायला आणलेल्या यंत्राच्या पोटातूनच त्याहून जास्त पाणी गेलं, तेही टँकरच्या दिवसांत. इंधन वाचलं यात वाद नाही, पण ब्रोशरवर ‘पाण्याची बचत’ छापायचा हक्क या पाइपिंगने घालवला. शिवाय कूलरला बोअरचं कच्चं पाणी जोडलेलं असल्याने कॉइलवर बाहेरून क्षार बसले आणि नमुना कोमटच येऊ लागला.

उपाय अगदी स्वस्त आहे: कूलरला सॉफ्टनरनंतरची लाइन जोडा, त्यातून बाहेर पडणारं पाणी फीड टँकमध्ये (बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीत) सोडा, आणि तोटी स्प्रिंगवाली लावा, हात काढला की बंद होणारी. पाइपचे दोन युनियन जॉइंट, तीन मीटर पाइप. हे ड्रॉइंगमध्येच असायला हवं होतं. माझे दोन तारे इथेच कापले गेले आहेत.

बिघाडाकडे वळतो. पाण्यात बुडून टीडीएस मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर पांढरा थर बसला होता. थर बसला की कंडक्टिव्हिटी कमी दिसते, कंट्रोलरला वाटतं पाणी स्वच्छ आहे, व्हॉल्व्ह उघडतच नाही. चूक नेमकी घातक बाजूला होते, आणि स्क्रीनवर काहीच लाल होत नाही. सर्व्हिसवाल्याने आधी कार्ड बदललं, मग दुसरं कार्ड बदललं. इलेक्ट्रोड काढून बघायचं सुचवलं तर उत्तर आलं की इलेक्ट्रोड ‘कन्झ्युमेबल’ आहे, एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) नाही. शेवटी पातळ सायट्रिक ॲसिडमध्ये बुडवून, मऊ फडक्याने पुसून रीडिंग जागेवर आलं. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर टेफ्लॉनच्या बाहीला लावू नका. खरी अडचण वेगळीच: इलेक्ट्रोडच्या आधी आयसोलेशन व्हॉल्व्ह नाही, त्यामुळे बॉयलरचं प्रेशर उतरवल्याशिवाय तो काढता येत नाही. मग सफाई सुट्टीच्या दिवसापर्यंत ढकलली जाते.

ब्लोडाउन व्हॉल्व्हची सीटही बघत राहा. पाणी उडून वाफ होताना सीटवर चरे पडतात. व्हॉल्व्ह बंद असताना पुढच्या पाइपला हात लावता येत नसेल, तर तो गळतोय.

इथवर लिहून मत थोडं बदलतो. कंट्रोलर चांगला आहे, पण तो पहिला घ्यायचा नाही. आधी कंडेन्सेट. जेट डाइंग, सॉफ्ट फ्लो या रंगाईच्या यंत्रांत आणि सिलिंडर ड्रायरमध्ये वाफ कॉइलमध्ये किंवा सिलिंडरच्या आत असते, तिथलं कंडेन्सेट स्वच्छ. जिगरमध्ये थेट वाफ सोडलेली परत मिळत नाही. १६ ऐवजी २४ टन परत आणलं, तर ३,००० च्याच सेटिंगला ब्लोडाउन ६.१ वरून ४.२ टनांवर येतं, कारण फीडमध्ये मीठच कमी जातं. त्यात ते ८ टन ९० अंशांना येतात. दोन्ही मिळून रोज ३०० किलोच्या आसपास ब्रिकेट वाचतं आणि बोअरचं पाणी १० टनांनी कमी लागतं. एकही इलेक्ट्रॉनिक कार्ड नाही.

लोक कंडेन्सेट का सोडून देतात? कॉइलला भोक पडलं तर रंग किंवा कॉस्टिक बॉयलरमध्ये येईल या भीतीने. भीती रास्त आहे. रिटर्न लाइनवर कंडक्टिव्हिटी सेन्सर आणि तीन तोंडी व्हॉल्व्ह लावा, रीडिंग चढलं की पाणी इटीपीकडे (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेकडे) वळेल. फीड टँक ९० च्या वर गेला की फीड पंप खडखडायला लागतो, तेव्हा टँक उंच उचला, पंपाला दोष देऊ नका. सॉफ्टनरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे वाफेत कार्बन डायऑक्साइड येतो आणि कंडेन्सेट आम्लधर्मी होतं. रिटर्न लाइनचे आटे पाडलेले जॉइंट आधी झिजतात.

आरओबद्दल विचारणाऱ्यांसाठी, १६ टन रिटर्न धरून: ५० पीपीएमचं पाणी दिलं तर ब्लोडाउन अर्ध्या टनावर येतं, इंधन आणखी रोज ३०० किलोच्या वर वाचतं, वीज ३५-४० युनिट लागते. पण ७० टक्के रिकव्हरीला रिजेक्ट (आरओने टाकून दिलेलं खारट पाणी) साडेदहा टन, म्हणजे बोअरमधून ३० ऐवजी ३५ टन उपसा. इंधन घटतं, पाणी वाढतं. रिजेक्ट राख विझवायला किंवा वेट स्क्रबरला (धूर पाण्याने धुणाऱ्या यंत्राला) जिरत असेल तरच घ्या. इटीपीत ढकलणार असाल आणि पुढे इव्हॅपोरेटर असेल, तर तेच मीठ शेवटी वाफ जाळूनच सुकवावं लागेल.

फ्लॅश व्हेसल (ब्लोडाउनचं पाणी कमी प्रेशरला सोडून त्यातली वाफ वेगळी करणारी टाकी) मात्र कंट्रोलरच्या ऑर्डरमध्येच घाला. ८ किलोचं ब्लोडाउन ०.२ किलोला सोडलं की साडेतेरा टक्के पाण्याची शुद्ध वाफ होते, आणि ब्लोडाउनमधली जवळपास निम्मी उष्णता तिच्यात असते. ती फीड टँकमध्ये तळाशी भोकाच्या पाइपने सोडायची. कोटेशनमध्ये चार गोष्टी लिहून घ्या: इलेक्ट्रोडआधी आयसोलेशन व्हॉल्व्ह, तापमान भरपाईचा सेन्सर, सफाईसह इलेक्ट्रोड एएमसीत, आणि कूलरचं पाणी फीड टँकला. चौथीला विक्रेता ‘ते तुमच्या प्लंबरकडून करून घ्या’ म्हणाला, तर तेवढे पैसे किमतीतून कापून घ्या.