तलाठी की पोलीस शिपाई?

भरतीची तयारी करणारी पोरं हा प्रश्न हमखास विचारतात. नुसता पगार बघितला तर तलाठी पुढे आहे. सातव्या वेतन आयोगात तलाठ्याचं मूळ वेतन 25,500 पासून सुरू होतं, शिपायाचं 21,700 पासून. महागाई भत्ता, घरभाडं वेगळं. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यात दोघं सारखेच.

पण तलाठ्याला पदवी लागते, शिपायाला बारावी पुरते. घरची ओढाताण असेल तर तीन वर्षं आधी पगार सुरू होणं फार मोठी गोष्ट आहे. मात्र लेखीआधी मैदान मारावं लागतं: मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर धाव, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक.

खरा फरक कामाच्या वेळेत आहे. गणपतीत गाव घरी येतं तेव्हा शिपाई बंदोबस्तावर असतो, विसर्जनाच्या दिवशी रात्र रस्त्यावरच उजाडते. सुट्टी मंजूर झाली तरी ऐनवेळी रद्द होते. तलाठ्याचाही जीव मोकळा नसतो. गारपीट झाली की बांधाबांधावर पंचनामे, मागे सातबाऱ्याच्या नोंदी, फेरफार, वर निवडणुकीची कामं. तरी बहुतेक रात्री तो घरी झोपतो.

बढतीत तलाठी मंडळ अधिकारी, पुढे नायब तहसीलदार होतो. शिपाई हवालदार होतो, मग सहायक फौजदार.

पदवी हातात असेल तर मी तलाठीच सांगेन. बारावीवर थांबलात आणि धावण्यात दम असेल, तर पोलीस भरती सोडू नका. नोकरीत राहून पदवी करता येते.