चियांग माईत वर्षभर राहून: पेन्शनीत परवडतं का, आणि माझे १००० बाट

आम्ही नवरा-बायको निवृत्तीनंतर वर्षभर उत्तर थायलंडातल्या चियांग माई शहरात राहतोय. भारतात जाऊन परत येताना ९ नोव्हेंबर २०२५ ला बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर शिक्का मारून मिळाला आणि मी नेहमीसारखा न बघताच पासपोर्ट खिशात घातला. सामानाच्या पट्ट्यापाशी बायको तिचा पासपोर्ट उघडून उभी होती. म्हणाली, "अहो, यावर जानेवारीच लिहिलंय. आपलं तर फेब्रुवारीपर्यंत होतं ना?"

ज्यांनी पन्नाशीनंतरच्या नॉन-ओ व्हिसावर (निवृत्तांना थायलंडात राहायला मिळतो तो) वर्षाची मुदतवाढ काढलीय त्यांच्या लक्षात आलं असेल. बाकीच्यांना एका ओळीत सांगतो. री-एंट्री परमिट, म्हणजे परत आत यायचा परवाना, न काढता देशाबाहेर पाऊल टाकलं की ती मुदतवाढ तिथल्या तिथं मरते. परमिट एका फेरीचं १००० बाट (थाई चलन), दोघांचे २०००. मी ते काढलं नव्हतं. आता आम्ही पुन्हा साधे पर्यटक, ६० दिवसांचे.

का नाही काढलं? एजंट फेब्रुवारीतच म्हणाला होता, "आत्ताच काढून देतो, माझे ५०० वर द्या." मी म्हणालो, कशाला, जायच्या वेळी आपणच काढू की. दिवाळी झाली आणि दोन दिवसांनी रात्री लातूरहून फोन आला, थोरली अक्का गेली. मिळेल त्या विमानानं हैदराबाद, तिथून गाडीनं औसा. परमिट कुणाच्या डोक्यात राहतंय. बाहेर जाताना सुवर्णभूमीवरच त्याचं काउंटर असतं, हे मला परत आल्यावर कळलं. त्याच्यासमोरून मी चालत गेलो असणार.

घरात हिशोब असा मांडला: पर्यटकाचं परत नॉन-ओ करायचे माणशी २०००, मग मुदतवाढीचे १९००. पैकी १९०० तसेही फेब्रुवारीत द्यायचेच होते, म्हणजे खरा तोटा दोघांचा ४०००. बायको म्हणाली, "आणि कागदं? ती कोण गोळा करणार परत?" ते मी धरलं नव्हतं.

कागदांचं सांगतो, कारण त्याबद्दल कुणी नीट बोलत नाही. ८ लाख बाट थाई बँकेत लागतात हे सगळ्यांना माहीत असतं. ते ८ लाख एकट्याच्या नावावर ठेवून बायकोला आपल्यावर अवलंबून दाखवायचं, म्हणजे तिचे वेगळे ८ लाख लागत नाहीत. चांगली सोय आहे, पण त्यासाठी लग्नाचं प्रमाणपत्र पाहिजे. आमचं लग्न १९८९ चं, औसा तालुक्यातल्या एका वाड्यात. तेव्हा नोंदणी कोण करत होतं? लग्नाला ३५ वर्षं झाल्यावर आम्ही दोघं साक्षीदार घेऊन रांगेत उभे राहिलो. लग्न लावलेले गुरुजी कधीच वारले. बायकोनं ट्रंकेच्या तळाशी लग्नपत्रिका जपून ठेवली होती म्हणून भागलं. कारकून फोटोकडं बघून म्हणाला, "सर, हे तुम्हीच का?"

पैसे पाठवायची दुसरी तऱ्हा. डिसेंबर २०२४ मध्ये बाट साधारण २.४५ रुपयांना होता, म्हणजे ८ लाखांचे १९ लाख ६० हजार. तेव्हा वर्षाला ७ लाखांच्या वर परदेशी पाठवलं की २० टक्के टीसीएस (बँकेनं आगाऊ कापायचा कर) कापून घेत (एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा १० लाख झाली). माझे अडीच लाख बँकेनं तिथंच अडकवून ठेवले. रिटर्न भरल्यावर परत आले, बुडाले नाहीत, पण तोवर मला झोप लागत नव्हती. तुम्ही जाणार असाल तर निम्मे मार्चमध्ये आणि निम्मे एप्रिलमध्ये पाठवा, दोन आर्थिक वर्षांत विभागून जातात. मला हे कुणी सांगितलं नाही.

आता पाण्याकडं येतो. खरं तर मला त्यावरच लिहायचं होतं.

मी पाटबंधारे खात्यात होतो. मांजरा कालव्यावर उन्हाळे काढलेत. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा स्टेशनवर बघायला गेलेल्या गर्दीत मीही होतो. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती. ज्याच्या शहरात पाण्यासाठी १४४ कलम लागलंय त्या माणसाचं डोकं पुढं सरळ राहत नाही. इथं आलो तेव्हा नळाला चोवीस तास पाणी. पहिले दोन महिने बायको रोज रात्री दोन बादल्या आणि एक पातेलं भरून ठेवायची. मी तिला हसायचो, आणि झोपायच्या आधी बादल्या भरल्यात का ते हळूच बघूनही यायचो.

नळाचं पाणी प्यायला मात्र कुणी वापरत नाही. त्यासाठी गल्लीगल्लीत नाण्याची यंत्रं आहेत. एक बाट टाका, छोटं दार उघडून कॅन आत ठेवा, बटण दाबा, फिल्टरचं पाणी पडतं. आमच्या गल्लीतल्या यंत्रावर '१ बाट १ लिटर' लिहिलंय. चौथ्या दिवशी मला शंका आली. ५ लिटरचा कॅन गळ्यापर्यंत भरत नव्हता. मी लिटरची बाटली घेऊन गेलो, एक नाणं टाकलं, बाटली सपाट दगडावर ठेवून बघितलं. ९५० मिली. परत टाकलं. ९५०. तीन वेळा. पाच लिटरला पाव लिटर कमी!

घरमालकीणबाईंना सांगितलं. त्यांना थोडं इंग्रजी येतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लुंग, तुम्ही हे मोजलं?" लुंग म्हणजे आई किंवा वडिलांचा थोरला भाऊ, बाजारातही सगळे मला तेच म्हणतात. मग त्यांनी त्यांच्या मुलीला हाक मारून तिलाही सांगितलं आणि दोघी बराच वेळ हसत राहिल्या. यंत्र दुरुस्त झालं नाही. मी ७०० मीटरवर दुसरं यंत्र शोधलं, तिथं एका बाटला दीड लिटर मिळतं. रोज सकाळी तिकडं चालत जातो. डॉक्टर म्हणतात गुडघ्याला चांगलं आहे. फक्त परतीच्या वाटेवर हातात ६ किलो असतं.

जानेवारीत मी आमच्या खात्यातल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर लांबलचक लिहिलं होतं की बाबांनो, घरं भाड्यानं द्या आणि या. तेव्हा हवा म्हणजे औरंगाबादच्या डिसेंबरासारखी, पहाटे स्वेटर, दुपारी अर्ध्या बाह्यांचा सदरा. बाल्कनीतून दोई सुथेप डोंगर आणि वरच्या देवळाचा सोनेरी ठिपका दिसायचा. गाड्या हॉर्न वाजवत नाहीत. बायको रात्री नऊला एकटी बाजारातून चालत यायची. लाल सोंगथेव म्हणजे आपली काळी-पिवळीच, पण माणसं कोंबलेली नाहीत.

तो मेसेज मी मार्चमध्ये काढून टाकला.

फेब्रुवारीपासून आसपासच्या डोंगरात जंगलं पेटतात, शेतातलं तण आणि पाचट जाळतात. शहर वाटीसारखं डोंगरांच्या मध्ये, धूर बाहेर पडत नाही. आधी देवळाचा ठिपका गेला, मग डोंगर गेला. पाचट जाळलेलं मी आयुष्यभर बघितलंय, उसाच्या फडाकडून धूर आला की खिडकी लावायची आणि तासाभरानं उघडायची. इथं खिडकी सहा आठवडे उघडली नाही. ४५०० बाटचं हवा शुद्ध करायचं यंत्र आणावं लागलं. त्याची फिल्टर जाळी पहिल्यांदा बदलली तेव्हा ती आमच्या लातूरच्या घरातल्या चुलीमागच्या भिंतीच्या रंगाची झाली होती. शेजारचा जर्मन म्हातारा दरवर्षी या दिवसांत समुद्राकडं पळतो. मी विचारलं, तिकडचं भाडं? तो म्हणाला, दुप्पट. मग आम्ही इथंच बसलो. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर चियांग माईचा विचारच करू नका, दक्षिणेकडचं एखादं गाव बघा.

एप्रिलात पाऊस शिंपडून गेला आणि सोंगक्रान हा थाई नववर्षाचा सण आला, १३ ते १५ एप्रिल. जुन्या शहराला चौकोनी खंदक आहे. त्यातलं पाणी बादल्यांनी उपसून लोक एकमेकांच्या अंगावर मारतात. गाड्यांवर पिंपं, त्यात बर्फाच्या लाद्या, पोरांच्या हातात पंपाच्या बंदुका. मी पहिल्या दिवशी बाल्कनीत बसून मोजत होतो. एका कोपऱ्यावरची पाच माणसं, मिनिटाला अंदाजे चार बादल्या, बादलीत दहा लिटर. तासाला २४०० लिटर, एका कोपऱ्यावर. त्याच दिवशी लातूरहून पुतण्याचा फोन होता, नळाला आठव्या दिवशी पाणी आलं म्हणून. मी खाली उतरलोच नाही. बायको गेली. घरमालकीणबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि चांदीच्या वाटीतून, मोगऱ्यासारखी फुलं टाकलेलं पाणी तिच्या दोन्ही तळहातांवर धारेनं सोडलं. थोरल्यांच्या हातावर असं पाणी सोडून आशीर्वाद घ्यायची इथली रीत. एवढंसं पाणी, पेलाभरसुद्धा नाही. वर येऊन ती ओल्या हातांनीच बसून राहिली, पुसेना. दुसऱ्या दिवशी मीही खाली गेलो आणि गुमान भिजलो. बादल्यांचं गणित चुकलेलं नाही, हे मात्र नोंदवून ठेवतो.

आता ज्यासाठी सगळे फोन करतात ते: स्वस्त आहे का? एका खोलीचा आणि हॉलचा फ्लॅट, संतीथाम भागात, ८५०० बाट. वीज घरमालक लावेल त्या दरानं, आम्हाला युनिटला ७ बाट, म्हणजे एसी लावायचा तर आधी पंखा लावून बघायचा. खाणं, औषधं, सोंगथेव, फोन, सगळं धरून महिन्याला साडेसव्वीस हजार बाट. आलो तेव्हा त्याचे ६५ हजार रुपये व्हायचे. या ऑक्टोबरात बाट २.७० ला गेला आणि तेच ७१ हजार पाचशे झाले. एक वांगं जास्त न खाता महिन्याला साडेसहा हजार वाढले. त्यात गंमत अशी की बँकेतले माझे ८ लाख बाट कागदावर दोन लाख रुपयांनी वर गेले, पण ते मोडता येत नाहीत. मुदतवाढीच्या आधी दोन महिने आणि नंतर तीन महिने पूर्ण ८, उरलेलं वर्षही ४ च्या खाली नाही. कपाटातल्या सोन्यासारखं आहे, बघायचं फक्त.

लातूरला स्वतःच्या घरात आम्ही ३५ हजारांत राहत होतो. म्हणून कुणी म्हणालं थायलंड स्वस्त आहे, तर त्याला विचारा पेन्शन कोणत्या नाण्यात येते. त्या जर्मनाला स्वस्त आहे. मला नाही. मी दुप्पट देतो आणि बदल्यात चोवीस तास नळ, शांत रस्ता आणि बायकोचं एकटीनं हिंडणं घेतो. मला हा सौदा पटतो, पण त्याला काटकसर म्हणू नका.

भारतातले नियम आणखी दोन. १८२ दिवसांच्या वर बाहेर राहिलात की तुम्ही अनिवासी, बचत खातं एनआरओ (अनिवासींचं खातं) करावं लागतं आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवे पैसे टाकता येत नाहीत. जायच्या आधी टाकून घ्या. आपला मेडिक्लेम थायलंडात चालत नाही, विम्याचं आधी बघा. बाकी थायलंडात दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. पहिल्यांदा स्वतः जाऊन, मग ऑनलाइन होतं. अक्काच्या तेराव्याच्या आधी लातूरला बँकेत जाऊन हयातीचा दाखलाही देऊन आलो. थायलंडात वर्षातून चारदा सांगायचं कुठं राहतो, भारतात नोव्हेंबरात सांगायचं की जिवंत आहे.

जेवणाचं थोडक्यात. पिवळ्या झेंडीवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेली दुकानं शाकाहारी, तिथं बिनधास्त. इतरत्र "माय साय नाम प्ला", माशाचा रस घालू नका, एवढं पाठ करा. बायकोला आकडे, भाव आणि घासाघीस माझ्याआधी आली. वरोरोत नावाच्या बाजारातल्या भाजीवाल्या तिला ओळखतात आणि मला तिचा नवरा म्हणून ओळखतात. ज्वारी मिळत नाही. या खेपेला लातूरहून दळून ७ किलो आणलंय.

तारे विचारले तर जानेवारीत पाच दिले असते, मार्चमध्ये एक. आज साडेतीन, त्यातला अर्धा पाण्याच्या त्या पहिल्या यंत्रामुळं कापलाय.

सोमवारी पहाटे विमानतळाजवळच्या इमिग्रेशन कार्यालयात नंबर लावायचाय. लग्नाचं प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत, पत्रिकाही सोबत ठेवलीय, लागत नाही तरी. मुदतवाढ मिळाली की या वेळी री-एंट्री लगेच काढायची, तीही कितीही फेऱ्यांची, असं ठरलंय. ती ३८०० ची. दोघांचे ७६००. एका फेरीची काढली तर २००० तच होतं, आणि वर्षात आम्ही जातो एकदाच. बायकोला अजून विचारलं नाही.