यात्रेतला दवाखाना: टोकन की दारातच तपासणी?
मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर कोल्हापूर-सांगलीकडून गाड्या भरभरून माणसं येतात. माघातच चिंचलीला मायाक्काची यात्रा. मग आसपासच्या दवाखान्यांतली ओपीडीची रांग फाटकाबाहेर जाते.

टोकनाचं काम सोपं. आधी आला तो आधी. भांडण नाही, माणूस नंबर घेऊन सावलीत बसतो. पण टोकनाला आजार कळत नाही. पायाला फोड आलेला 12 नंबर आत जातो आणि छातीत कळ येणारे आजोबा 67 घेऊन पायरीवरच. शिवाय पुकारा नुसता कन्नडमध्ये झाला, तर साताऱ्याकडच्या या आजोबांना 'अरवत्तेळु' म्हणजे 67, आपलाच नंबर, हे कळणार कसं?

दुसऱ्या पद्धतीत नर्स दारातच नाडी, श्वास, बीपी बघून रुग्ण लाल (तातडीचा), पिवळा (थोडा थांबू शकणारा) की हिरवा (साध्या दुखण्याचा) ते ठरवते. लाल थेट आत. उलट्या-जुलाबाच्या रुग्णाला बसल्या जागी ओआरएस सुरू होतं. हिरवे कुरकुरतात, ते चालायचंच. खरी अडचण वेगळी: दोन्ही भाषा येणारी अनुभवी नर्स वॉर्डातून काढायची कशी?

तरी यात्रेच्या दिवसांत मी हीच पद्धत निवडेन. टोकन ठेवावं, पण हिरव्यांपुरतं.